रात्रीच्या रक्ताची गोष्ट

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोरेगाव लागते. तालुक्याचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, मालगुजारीच्या काळातले जुने तलाव आणि थोड्या अंतरावर नागझिऱ्याचे जंगल. पूर्व विदर्भातल्या अशा गावांत कधी कधी रात्रीची जेवणे आटोपल्यावर दारावर थाप पडते. बाहेर आरोग्य खात्याचे कर्मचारी उभे असतात. हातात बॅटरी, काचपट्ट्यांची पेटी आणि टोचायची सुई. बोटातून थोडे रक्त द्या, म्हणतात. झोपायच्या तयारीत असलेला घरधनी वैतागतो. ‘का जी भाऊ, हे काम दिवसा नाही होत का?’ असे विचारतो. कोणी संशयाने पाहते, तर कोणी दारच उघडत नाही.

प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. बाकी सगळ्या तपासण्या दिवसा होतात, मग हत्तीरोगाचीच रात्री का? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात विज्ञानाचा दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तो इतिहास कलकत्ता, चीन, ऑस्ट्रेलिया, जपान असा जगभर फिरून पुन्हा आपल्या गोरेगावच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. म्हणून तो आपण समजून घ्यायला हवा.

हत्तीरोग आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत त्याला ‘श्लीपद’ म्हटले आहे. जिथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो, अशा प्रदेशात हा रोग विशेष होतो, असे आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. जंतू माहीत नव्हता, सूक्ष्मदर्शक नव्हता, पण रोगाचे आणि साचलेल्या पाण्याचे नाते त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. पुढच्या काळात मात्र निरीक्षणापेक्षा दंतकथाच वाढल्या. यान ह्यूगेन व्हान लिन्स्खोतेन नावाचा डच प्रवासी १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. मलबारकडच्या काही लोकांचा पाय गुडघ्याखाली हत्तीच्या पायासारखा जाड असतो, असे त्याने लिहून ठेवले. कारण काय सांगितले? तर सेंट थॉमसला ज्यांनी मारले त्यांच्या वंशजांना मिळालेला तो शाप! आजारी माणसालाच गुन्हेगार ठरवण्याची ही रीत पुढेही टिकली. पाय सुजलेल्या माणसाला ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणून ऐकवणारे लोक आजही भेटतात.

शापाची जागा शास्त्राने घेतली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही तुकड्या-तुकड्यांनी. १८६३ साली पॅरिसमध्ये देमार्के या डॉक्टरला अंडवृद्धीच्या एका रुग्णाच्या द्रवात केसाहून बारीक, वळवळणारे जीव दिसले. १८६६ मध्ये ब्राझीलच्या बाहिया शहरात वुखेरर याला तसेच जीव लघवीत सापडले. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस याने ते थेट माणसाच्या रक्तात पाहिले. ही मोठीच बातमी होती. माणसाच्या रक्तात जिवंत कृमी फिरतात आणि तो माणूस हिंडतो-फिरतो, काम करतो! १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जोसेफ बॅन्क्रॉफ्ट याला या पिल्लांची आई सापडली. आठ-दहा सेंटिमीटर लांब, पांढऱ्या दोऱ्यासारखी. तिचा मुक्काम रक्तात नसतो. शरीरात रक्तवाहिन्यांशिवाय आणखी एक जाळे असते, लसीका वाहिन्यांचे. ऊतींमधले जास्तीचे पाणी गोळा करून ते पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या या जणू शरीराच्या नाल्या. कृमी त्या नाल्यांत घर करतात. नाल्या फुगतात, निकामी होतात, पाणी तुंबते आणि पाय सुजू लागतो. वुखेरर आणि बॅन्क्रॉफ्ट या दोघांच्या नावांवरून या कृमीला ‘वुखेरेरिया बॅन्क्रॉफ्टी’ म्हणतात.

आता कोडे असे होते की रक्तातली ही पिल्ले एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कशी? पॅट्रिक मॅन्सन हा स्कॉटिश डॉक्टर तेव्हा चीनमधल्या अमॉय बंदरात नोकरीला होता. रक्तात असलेला जीव आपण होऊन बाहेर पडू शकत नाही, त्याला कोणीतरी बाहेर काढले पाहिजे, असा त्याने विचार केला. रक्त पिणारे आणि हा रोग असलेल्या मुलखात सर्वत्र सापडणारे कोण? डास! १८७७ साली मॅन्सनने आपल्या हिन लो नावाच्या माळ्याला, ज्याच्या रक्तात ही पिल्ले होती, डास सोडलेल्या एका खोलीत रात्री झोपायला सांगितले. सकाळी रक्त पिऊन फुगलेले डास गोळा केले आणि रोज काही डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पिल्ले डासाच्या पोटात मेली नव्हती. ती पोटातून छातीच्या स्नायूंत शिरत होती, वाढत होती, रूप बदलत होती. रोगाचा जंतू कीटकाच्या शरीरात वाढतो, हे माणसाच्या रोगांच्या बाबतीत प्रथम दाखवून दिले ते या प्रयोगाने. त्यात जोखीम कोणाची होती, हेही विसरू नये. नाव मॅन्सनचे झाले, पण डास चावून घेतले त्या माळ्याने.

यापुढचा शोध आपल्या दारावरच्या थापेशी थेट जोडलेला आहे. मॅन्सनने रुग्णांचे रक्त दिवसातून अनेक वेळा, ठरावीक अंतराने तपासायला सुरुवात केली. दुपारी पाहावे तर रक्तात काहीच नाही. संध्याकाळ उतरली की एखाद-दुसरे पिल्लू दिसे. मध्यरात्रीच्या सुमारास मात्र त्यांचा बुजबुजाट, आणि पहाटेनंतर पुन्हा सामसूम. दिवसा ती जातात कुठे, याचे उत्तर त्याला १८९७ साली एका मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात मिळाले. ती फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात. मॅकेन्झी या लंडनच्या डॉक्टरने त्याआधीच एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागवले होते. काही दिवसांत पिल्लांनीही आपले वेळापत्रक उलटे केले! म्हणजे ती घड्याळ पाहत नाहीत, माणसाच्या झोपेबरोबर चालतात.

हे असे का? कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. डास येण्याच्या वेळी कातडीजवळच्या रक्तात हजर राहायचे आणि एरवी आत सुरक्षित राहायचे, अशी ही व्यवस्था. पॅसिफिक महासागरातल्या ज्या बेटांवर दिवसा चावणारे डास हा रोग पसरवतात, तिथे हीच पिल्ले दिवसाही रक्तात सापडतात. कृमी आणि डास यांच्यातला हा ताळमेळ हजारो वर्षांच्या सहवासातून घडला आहे. म्हणूनच गोरेगावात रक्ताचा नमुना घ्यायला रात्री यावे लागते. दुपारी घेतलेल्या थेंबात रोग असूनही तो दिसणार नाही.

मॅन्सनचे एक अनुमान मात्र चुकले. डास काही दिवसांतच पाण्यावर मरतो, ते पाणी माणूस पितो आणि रोग होतो, असे त्याला वाटले. ही चूक दुरुस्त व्हायला २० वर्षांहून अधिक काळ गेला. १९०० साली लंडनमध्ये जॉर्ज लो याला ब्रिस्बेनहून आलेल्या डासांच्या सोंडेतच कृमी सापडले. त्याच वर्षी भारतात काम करणाऱ्या एस. पी. जेम्स यानेही तेच पाहिले. रोग पाण्यातून नव्हे, डास चावल्यानेच होतो, हे पक्के झाले. दरम्यान मॅन्सनच्या कल्पनेने दुसरे मोठे काम केले होते. डास आणि हिवतापाचे नाते शोधायला त्यानेच रोनाल्ड रॉस याला प्रवृत्त केले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. हिवतापाच्या त्या प्रसिद्ध शोधाची वाट हत्तीपायाच्या अभ्यासातून गेली होती.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धानाच्या बांधीत आणि तलावात पाणी असते, म्हणून आपल्याकडे हत्तीरोग आहे, असे पुष्कळांना वाटते. पण आपल्याकडे हा रोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाला स्वच्छ पाण्यापेक्षा घाण पाणी अधिक मानवते. तुंबलेली नाली, सांडपाण्याचे डबके, उघडा शोषखड्डा, शौचालयाची फुटकी टाकी ही त्याची आवडती ठिकाणे. तेव्हा दोष शिवारातल्या तलावाला देण्याआधी घरामागच्या नालीकडे पाहावे. शौचालयाच्या टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधावी, असे आरोग्य कर्मचारी सांगतात ते याचसाठी. नळीतून हवा जाते आणि डासही ये-जा करतात.

आता औषधाचा इतिहास पाहू. १९४७ साली डायइथाइल-कार्बामॅझिन, म्हणजे ज्याला आपण डीईसी म्हणतो, ते औषध सापडले. रक्तातली पिल्ले ते झपाट्याने नाहीशी करते. भारताने १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. परंतु सुरुवातीच्या काळात गोळ्या अनेक दिवस घ्याव्या लागत. पिल्ले मरू लागली की काहींना ताप येई, डोके दुखे, मळमळे. लोक म्हणत, आम्ही धडधाकट होतो, गोळीनेच आजारी पडलो. गोळ्या घराच्या फळीवर पडून राहू लागल्या. मग सगळ्यांना औषध देण्याचा विचार मागे पडला आणि डासांच्या अळ्या मारणे, रात्री रक्त तपासून सापडलेल्यांना औषध देणे यावर भर आला. आपल्या विदर्भातही संशोधन चालू होते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या रक्तातल्या खुणा प्रयोगशाळेत ओळखण्यावर अनेक वर्षे काम केले. पुढे जगात अशा चाचण्याही निघाल्या की ज्यात कृमीचा अंश रक्तात दिवसाही ओळखता येतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस एक साधी पण फार महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली. अनेक दिवस गोळ्या घेण्याऐवजी वर्षातून एकदाच मात्रा घेतली, तरी रक्तातली पिल्ले दीर्घकाळ कमी राहतात. झाले! एकदा गावात जायचे, सर्वांना गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या वर्षी परत यायचे, हे शक्य झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली जगभराची मोहीम सुरू केली. भारतात २००४ पासून सामूहिक औषधोपचार सुरू झाला आणि डीईसीला पुढे अल्बेंडाझोलची जोड मिळाली.

तिसरे औषध आले ते जनावरांच्या दवाखान्यातून. जपानचे सातोशी ओमुरा मातीतले जिवाणू गोळा करत. कावाना या गावी गोल्फच्या मैदानाजवळून त्यांनी उचललेल्या मातीत एक नवा जिवाणू निघाला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्याच्यापासून कृमींवर जालीम ठरणारे द्रव्य मिळवले. त्याचेच सुधारलेले रूप म्हणजे आयव्हरमेक्टिन. १९८१ मध्ये ते गुराढोरांसाठी बाजारात आले, मग माणसांच्या नदी-अंधत्व या रोगावर आणि नंतर हत्तीरोगावरही उपयोगी ठरले. २०१५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना चीनच्या तू यूयू यांच्याबरोबर मिळाले. मूठभर मातीचा माणसावर केवढा उपकार!

पापुआ न्यू गिनीत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही तिन्ही औषधे एकदाच, एकत्र दिल्यावर जवळजवळ सर्व रुग्णांच्या रक्तातली पिल्ले वर्षानंतरही परतली नव्हती. पाच देशांत २६ हजारांहून अधिक लोकांवर या तीन औषधांची सुरक्षितता तपासली गेली. त्यात कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्याचाही समावेश होता. भारतात डिसेंबर २०१८ मध्ये बिहारच्या अरवल जिल्ह्यात आणि जानेवारी २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या नागपुरात या तिहेरी औषधाची मोहीम सुरू झाली. आयव्हरमेक्टिनची मात्रा उंचीवरून ठरवतात, म्हणून अशा मोहिमेत गोळ्यांबरोबर उंची मोजायची काठीही असते.

निसर्गाने आणखी एक गुपित उघडे केले. कृमीच्या शरीरातही एक पाहुणा असतो, वोल्बाकिया नावाचा जिवाणू. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसला होता, पण तो कोण, हे १९९० च्या दशकात उमगले. या जिवाणूवाचून कृमी नीट जगू शकत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टांझानियातल्या अभ्यासात आठ आठवडे डॉक्सिसायक्लिन दिल्यावर वोल्बाकिया संपला आणि त्यामागोमाग मोठे कृमीही मेले. इतके दिवस चालणारे औषध साऱ्या गावाला देणे कठीण आहे, पण कृमीचे मर्मस्थान त्यामुळे कळले. गंमत अशी की याच जातीचा जिवाणू डेंग्यूच्या डासात सोडला तर डेंग्यू कमी होतो. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. एका ठिकाणी शत्रूचा सोबती असलेला जिवाणू दुसऱ्या ठिकाणी आपला सोबती झाला.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांचे काय? गोळ्यांनी जुनी सूज पूर्ण ओसरत नाही, हे खरे. पण ब्राझीलच्या रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रायर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की पाय वारंवार लाल होणे, थंडी वाजून ताप येणे आणि सूज वाढत जाणे यामागे बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यांतल्या जखमांतून शिरणारे साधे जंतू असतात. म्हणून रोज पाय साबण-पाण्याने हळुवार धुवावा, बेचके कोरडे करावे, जखमेवर लगेच मलम लावावे, बसताना-झोपताना पाय उंच ठेवावा आणि घोट्याचा व्यायाम करावा. यासाठी मोठे इस्पितळ लागत नाही. रोवणीच्या दिवसांत तासन् तास चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईसाठी तर हे फार मोलाचे आहे. घरी परतल्यावर पाय धुऊन पुसणे हाच तिचा निम्मा उपचार. अंडवृद्धी झालेल्या पुरुषांनीही लाजून दुखणे अंगावर काढू नये. त्यावर शस्त्रक्रिया होते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो.

आता मूळ अडचणीकडे येऊ. गोळ्या वाटल्या जातात, पण पोटात जात नाहीत. ‘मला काही झालेच नाही, मग मी का घेऊ?’ असे म्हणून माणूस गोळी खिशात टाकतो. त्याचे उत्तर वरच्या साऱ्या इतिहासात आहे. हा रोग बहुधा लहानपणी लागतो आणि पाय सुजायला पुढे कित्येक वर्षे लागतात. मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो, पण त्याच्या रक्तात मध्यरात्री पिल्ले फिरत असतात आणि त्याला चावलेला डास ती दुसऱ्याच्या घरी नेतो. पुष्कळदा पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात पिल्ले उरलेलीही नसतात. म्हणजे ज्याला पाहून आपण घाबरतो, त्याच्यापासून धोका नसतो. धोका धडधाकट दिसणाऱ्या आपल्यापासूनच असू शकतो. आपण गोळी घेतो ती आपल्यासाठी आणि शेजारच्या लेकरासाठीही.

दोन वर्षांखालील मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना गोळ्या देत नाहीत. पाच वर्षांखालील मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. बाकीच्यांनी उपाशीपोटी न घेता, आशाताईंच्या समोरच गोळ्या गिळाव्यात. नंतर थोडा ताप, मळमळ किंवा डोकेदुखी झाली तर बहुधा ती अंगातले कृमी मरत असल्याची खूण असते. त्रास जास्त वाटला तर आरोग्य केंद्रात जावे.

हे साधते का? साधते. जगात २००० साली जेवढ्या लोकांना या कृमीची लागण होती, ती २०१८ पर्यंत ७४ टक्क्यांनी घटली. चीन २००७ मध्ये, श्रीलंका २०१६ मध्ये, बांगलादेश २०२३ मध्ये आणि ब्राझील २०२४ मध्ये या रोगाच्या विळख्यातून सुटले. श्रीलंकेत आणि बांगलादेशात पाऊस, धान आणि डास आपल्यापेक्षा कमी नाहीत. भारताने त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले आहे.

तेव्हा पुढच्या वेळी रात्री दारावर थाप पडली, तर दार उघडावे. त्या कर्मचाऱ्याला दिवसाही घर-संसार असतो. तो रात्री येतो, कारण रोगच रात्री बाहेर पडतो. एक थेंब रक्त द्यावे, निघताना त्याला पाणी विचारावे. आणि आशाताई गोळ्या घेऊन आल्या की ‘ठेवून जा, नंतर घेतो’ असे म्हणू नये. त्यांच्या देखत गिळावी आणि घरातल्या म्हाताऱ्या-पोरांनाही हाक मारावी.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)